मेणाऐवजी वॉर्निश

अण्णांच्या गिटारचा घोडीजवळचा पिकअप माझ्या हातून जळाला. वाक्य एवढंच आहे. पण ते तोंडातून बाहेर पडायला मला तेव्हा सात महिने लागले, आणि पडलं तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

अण्णा माझ्या नात्यातले नव्हते. मी परभणीच्या पलीकडचा. सातवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, इंग्रजीच्या तासाला उभं राहून वाचायची भीती वाटायची म्हणून. मग चार गावची कामं करत करत नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्यात बारामतीला येऊन टेकलो. एमआयडीसीच्या कडेला मोटर भरायचं एक दुकान होतं. विहिरीवरच्या, गिरणीतल्या, कारखान्यातल्या जळालेल्या मोटरी तिथं यायच्या. जुनी तांब्याची तार उपसून काढायची, नवी भरायची, तिला वॉर्निश पाजायचं आणि बल्ब लावलेल्या पत्र्याच्या पेटीत वाळवायची, असं ते काम. दुकानाच्या मालकांना सगळे तात्या म्हणत. तात्यांनी विचारलं, "शिक्षण किती?" मी म्हणालो, "दहावी." "आयटीआय?" त्यालाही मी मान हलवली. त्यांनी एक जळकी मोटर माझ्यापुढं सरकवली. संध्याकाळपर्यंत मी ती भरली, ती फिरली, आणि कागद मागायचं राहून गेलं. पण कधीतरी मागतीलच, ही धास्ती मला रोज दुकानाचं शटर वर करताना असायची.

अण्णा एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीत फिटर होते. डेअरीच्या मोटरी घेऊन तेच आमच्याकडं यायचे. एकदा मी तापानं फणफणलेला, दुकानाच्या मागं पोत्यावर पडलो होतो. अण्णांनी कपाळाला हात लावला आणि तात्यांना म्हणाले, "ह्याला मी घिऊन जातो. हितं पडला तर मरंल." मोटरसायकलवर मला पुढं पेट्रोलच्या टाकीवर रेलून बसवलं आणि सणसरला आपल्या घरी नेलं. चार दिवसांनी ताप उतरला, पण परत दुकानात झोपायला जायचं काही मला कुणी म्हणालं नाही. घरामागं एक खोली होती. अण्णांच्या वडलांच्या काळात त्यांच्याकडं मेंढरं होती, तेव्हा लोकर आणि कातऱ्या तिथं ठेवत. आता मेंढरं गेली होती, ऊस आला होता. ती खोली मला मिळाली. अण्णांच्या आईला मी मावशी म्हणायचो. ती रोज मला पहिली भाकरी वाढायची. "लांबचं पोर हाय," म्हणायची, "त्याला आधी." मी तेव्हा चोवीस वर्षांचा घोडा होतो.

तर अण्णा गिटार वाजवायचे. बारामतीत सहाजणांची एक ऑर्केस्ट्रा पार्टी होती, लग्नं, सत्यनारायण, शाळांची स्नेहसंमेलनं करायची, त्यात. गिटार पुण्याहून जुनीच घेतलेली. विजेवर वाजणाऱ्या या गिटारला पोकळ पोट नसतं. तारांच्या खाली चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत इतकासा करंट उठतो आणि अँप्लिफायर तो मोठा करतो. यालाच पिकअप म्हणायचं. अण्णांच्या गिटारला असे दोन होते. एक मानेकडं, त्याचा आवाज गोल, मऊ. दुसरा घोडीजवळ, जिथं तारा टेकतात तिथं. घोडीपाशी तार कमी हलते, म्हणून तिथला आवाज बारीक आणि टोकदार. अण्णांचं सगळं वाजवणं त्या घोडीजवळच्या पिकअपवर होतं. पार्टीत सनईवाला नव्हता. लग्नात सनईचा तुकडा आला की अण्णा तो गिटारवर असा काढायचे की म्हातारी माणसं मांडवात सनईवाला शोधायची. मला संगीतातलं काही कळत नाही, पण ते वाजवायला लागले की मलाही आमच्या गावच्या देवळापुढची सकाळ आठवायची.

सुप्याला एका लग्नात पार्टी वाजवत होती आणि मी वायरी सांभाळायला गेलो होतो. अँप्लिफायर जरा मोठा केला की गिटारमधून बारीक शिट्टी निघायला लागली. ढोलकीवाले आबा पार्टीत सगळ्यांत वडील. ते म्हणाले, "अण्णा, नवरदेव मोटारीतनं न्हाय, आगगाडीच्या इंजिनातनं येतुया वाटतं."

घरी आल्यावर मी पिकअपवर नखानं टिचकी मारली. टिचकीचा आवाज स्पीकरमधून आला. मला लगेच कळलं, आणि कळल्याचा केवढा आनंद झाला! म्हणालो, "अण्णा, कॉइल सैल झालीय. वेढे आपापसांत हलतायत, म्हणून शिट्टी. मोटरीतही असंच गुणगुणतं."

"व्हय, मला पुन्यातला एकजण म्हनला व्हता," अण्णा म्हणाले. "मेण वितळवून त्यात बुडवायचं म्हनं. मेण आत शिरतंय आन् वेढं धरून ठिवतंय."

मी हसलो. खरोखर मोठ्यानं हसलो. "मेणानं काय होतंय अण्णा? मेण देवापुढं लावायला. आमच्याकडं वॉर्निश असतं, लोखंडासारखं धरतं. द्या इकडं."

त्यांनी दिला. स्वतः स्क्रू काढून, रुमालात बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी मी तो पिकअप मोटरीसारखा वॉर्निशात बुडवला आणि बल्बच्या पेटीत एका मोठ्या मोटरीशेजारी ठेवला. तात्यांनी डोकावून विचारलं, "कुनाची रं ही एवढीशी मोटार? मुंगीच्या विहिरीवरची काय?" सगळे हसले, मीही. मोटरीला जेवढा वेळ ठेवतो तेवढाच वेळ ठेवला. वेगळा विचार डोक्यात आलाच नाही. मोटरीचं पोट लोखंडी असतं आणि याचं प्लास्टिकचं आहे, हे मला दिसत होतं, पण हाताला रोजची सवय होती आणि हात सवयीनंच चालला. पेटी उघडली तेव्हा प्लास्टिक पापडासारखं वाकलं होतं आणि ती केसासारखी तार एक नाही, अनेक ठिकाणी तुटली होती. मीटर लावला. काटा हललाच नाही.

ही चूक झाली. चुकीची मला एवढी लाज नाही. संध्याकाळी अण्णा न्यायला आले, त्यांनी विचारलं, "झालं का रं?" आणि मी म्हणालो, "अण्णा, ती आतून आधीच जळालेली होती. उघडल्यावर कळलं. काही उपयोग नव्हता." लाज याची आहे.

ते म्हणाले, "बरं झालं उघडलीस. न्हायतर ऐन टायमाला दगा दिला असता."

ऐन टाइम म्हणजे काय, ते मला माहीत होतं. पुण्याचे एक मोठे ऑर्केस्ट्रावाले दीड महिन्यानं बारामतीला येणार होते, माणसं पारखायला. त्यांना एक गिटारवाला कायमचा हवा होता. अण्णा छत्तिशीला आले होते. डेअरीची नोकरी वाईट नव्हती, पण आयुष्यात एकदा तरी फक्त वाजवूनच जगावं, हे त्यांच्या मनात किती होतं ते घरात मावशीला आणि मला सोडून कुणाला माहीत नव्हतं. खरं सांगितलं तर ते मला खोलीतून काढतील, तात्यांना कळेल, तात्या कागद मागतील, अशी एकातून एक भीती माझ्या डोक्यात उलगडत गेली. अण्णांनी यातलं काहीच केलं नसतं. हे मला तेव्हाही आतून ठाऊक असावं, म्हणूनच ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

नवा पिकअप आणायला पुण्याला जायचं ठरलं. अण्णांना सुट्टी मिळेना. म्हणाले, "तूच जा. तुला कॉइलीतलं कळतंय. मी गेलो तर रंग बघून घीन." आणि मी बस धरायला निघालो तेव्हा ओरडून सांगितलं, "फकस्त बॅटरीचा घिऊ नगंस!" बॅटरीवर चालणारे पिकअप तेव्हा नवीनच येत होते. एका गिटारवाल्याच्या बॅटरीनं भर वरातीत मान टाकली होती आणि बिचाऱ्याला पुढची सगळी वरात गिटार वाजवल्याचं नाटक करावं लागलं होतं. तसली चौकोनी बॅटरी सणसरात मिळायचीही नाही.

पुण्यातल्या त्या दुकानात काचेच्या कपाटांत गिटारी उभ्या होत्या. काउंटरवर माझ्याच वयाचा एक माणूस, चष्मा लावलेला, बोलायला सभ्य.

"ब्रिजचा हवाय ना? अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह?"

"बिनबॅटरीचा."

"म्हणजे पॅसिव्ह. वाजवणार काय त्याच्यावर?"

"सगळंच."

"अँप कुठला आहे?"

"मोठा."

तो हसला नाही, ही त्याची सभ्यता. दोन पाकिटं काढून माझ्यापुढं ठेवली. "हे दोन आहेत सिंगल कॉइलमधे. वाचून घ्या, मागं सगळं लिहिलंय."

मागं सगळं इंग्रजीत लिहिलं होतं. वाचता येणाऱ्या माणसाला जितका वेळ लागेल तितका वेळ मी एकेक पाकीट हातात धरून उभा राहिलो. डोळे एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर नेले. मग पिशवीतून माझा मीटर काढला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बघायला लागली. पहिल्या पिकअपला मीटर लावला, सहा हजार ओहमच्या आसपास दाखवलं. दुसऱ्याला चौदा हजार. मोटरीच्या धंद्यात आकडा कमी दिसला की समजायचं, वेढे आतल्या आत चिकटलेत, माल कमी आहे, ही कॉइल जळणार. मी चौदावाला बाजूला ठेवला.

"आकडा मोठा म्हणजे चांगला असं नसतं हो," काउंटरवरचा म्हणाला. "याच्यात वेढे जास्त आहेत, तार बारीक. आवाज मोठा येईल, जाड येईल. पण वरचा बारीक सूर त्यात दबतो. हा सहाचा साफ आहे, टोकदार. तुम्हाला आवाज कसा हवाय ते सांगा ना."

सनईसारखा. एवढा एकच शब्द म्हणायचा होता. त्या माणसानं दार उघडून धरलं होतं. पण आत जायचं तर 'मला यातलं कळत नाही' हे म्हणावं लागलं असतं, आणि ते म्हणायचं टाळण्यासाठीच तर मी शाळा सोडली होती. मी म्हणालो, "आम्ही वाइंडिंगवाले आहोत. आम्हाला माहितीये."

"बरं," तो म्हणाला आणि चौदाचं पाकीट बांधून दिलं.

त्याच आठवड्यात मी तो बसवला. पहिला झणका वाजवला तेव्हा आवाज इतका मोठा आला की मावशी चुलीपासून उठून बाहेर आली. अण्णा खूश झाले. मोठ्या आवाजानं आम्ही दोघंही फसलो. मग त्यांनी सनईचा तुकडा घेतला. अर्ध्यात थांबले. पुन्हा घेतला. गिटारवरचं बटण पिळून पाहिलं, अँप्लिफायरचं पाहिलं. मान तिरकी करून ऐकत राहिले.

"हात बसंना," म्हणाले.

मला ऐकू येत होतं. सनई नव्हती ती, तोंडात गोधडी कोंबून कुणी गावं तसं येत होतं. मी म्हणालो, "नवा आहे अण्णा. बसेल हळूहळू. बेअरिंग बसतं तसा."

पिकअप काही बसत-बिसत नसतो. मला ते माहीत होतं.

पारख रविवारी सकाळी होती, बारामतीतल्या एका मंगल कार्यालयात. अँप्लिफायर मीच उचलून नेला. पुण्याचे ऑर्केस्ट्रावाले पन्नाशीचे, पांढऱ्या सफारीतले, खुर्चीत मागं रेलून डोळे मिटून ऐकत होते. अण्णांनी तीन गाणी वाजवली. तिसऱ्यात सनईचा तुकडा होता. तो संपला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"हात चांगला आहे तुमचा," ते म्हणाले. "पण वरच्या सुरांना धार नाही. मातीतून आल्यासारखं येतंय. आमच्या गाण्यांना धार लागते हो."

मी अँप्लिफायरमागं वायर गुंडाळत होतो. तिथून तीन पावलांवर अण्णा होते. मी उठून म्हणू शकत होतो, साहेब, धार हाताची नाही, पिकअपची गेलीय, आणि ती मी घालवलीय. ऑर्केस्ट्रावाले समजूतदार माणूस होते, दुसरी गिटार देऊन वाजवायला सांगितलं असतं. मी वायरीची गुंडाळी पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळली.

अण्णा म्हणाले, "व्हय साहेब. हात जरा जड पडला."

त्या दिवसापासून त्यांनी ते पक्कं धरलं की दोष बोटांचा. त्यात पार्टीची तोंडं. ढोलकीवाले आबा मनानं वाईट नव्हते, पण जीभ ढोलकीपेक्षा कडक. म्हणायचे, "धनगराचा हात त्यो. कातरीवर चालतोय, तारंवर कसा चालंल?" सगळे हसायचे. अण्णाही हसायचे. घरी येऊन मात्र बोटं उजेडात धरून बघायचे. लहानपणी त्यांनी वडलांबरोबर मेंढरं कातरली होती. मावशीला म्हणाले, "आये, कातरीनं बोटं जाड झाली गं माझी." मावशी म्हणाली, "तुज्या आज्याची याच्यापरीस जाड व्हती. पन पावा असा वाजवायचा, मेंढरं चरायची थांबायची."

ते पहाटे उठायला लागले. डेअरीला जायच्या आधी दोन तास, सुट्टीच्या दिवशी पाच-सहा तास, तोच एक सनईचा तुकडा. बोटांची कातडी निघाली, त्यावर त्यांनी चिंध्या बांधल्या, चिंध्यांवर आवाज आणखी जाड यायला लागला. मी शेजारी बसून राहायचो. उठून जाववत नव्हतं आणि बोलवतही नव्हतं. अण्णांना वाटायचं मी त्यांना सोबत करतोय. म्हणायचे, "तू हाईस म्हनून बसवतंय बघ." मला मावशीची पहिली भाकरी गिळेनाशी झाली. पोट दुखतंय, म्हणून सांगितलं, तर तिनं ओवा-मीठ दिलं.

पाच महिने असे काढले. एका पगाराच्या दिवशी तात्यांकडून सुट्टी घेऊन मी पुन्हा पुण्याला गेलो. काउंटरवर तोच चष्मेवाला.

"सनईसारखा आवाज पाहिजे," मी म्हणालो. "तो सहा हजारवाला द्या."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. ओळखलं असावं. "हे त्या दिवशी का नाही बोललात?" म्हणाला. आणि पाकीट बांधायच्या आधी त्यावरची एक ओळ बोटानं दाखवून हळूच मराठीत सांगितली, ब्रिजचा म्हणजे घोडीजवळचा, मानेकडचा नव्हे, बघून घ्या. त्याला माझं कळलं होतं म्हणायचं.

अण्णांची दुपारपाळी होती. घरी कुणी नव्हतं. मी चौदाचा काढला, सहाचा बसवला, आणि वर झाकण मात्र चौदाच्यावरचं जुनंच लावलं, पांढरं, कडेला चरा असलेलं, फरक दिसू नये म्हणून. म्हणजे चूक दुरुस्त करतानासुद्धा मी फसवतच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी गिटार घेतली. तुकडा वाजवला. थांबले. बोटांवरच्या चिंध्या सोडल्या, पुन्हा वाजवला. मावशी दारात येऊन उभी राहिली आणि डोळ्याला पदर लावला.

"आला!" अण्णा ओरडले. "आये, हात आला माझा!" मग माझ्याकडं वळून माझे दोन्ही खांदे धरले. "तू बसलास म्हनून. पाच म्हैनं तू बसलास."

त्या रविवारी त्यांनी बिरोबाला नारळ फोडला. अर्धी वाटी माझ्या हातात दिली. मी ती खाल्ली.

अण्णांनी रजा काढली आणि गिटार घेऊन आपण होऊन पुण्याला गेले, त्या ऑर्केस्ट्रावाल्यांकडं. दिवेलागणीला परत आले. जागा भरली होती. दुसरा गिटारवाला घेऊन त्यांना चार महिने झाले होते. पण अण्णांचा चेहरा पडलेला नव्हता. मावशीला सांगत होते, "साहेबांनी ऐकलं. म्हनले, आता धार आलीया, तवाच का न्हाय आली? म्हंजी हाताचंच व्हतं गं सगळं. माझंच कमी पडलं व्हतं." आणि हे ते समाधानानं सांगत होते. चूक आपली होती आणि आपणच ती सुधारली, याचं समाधान. मी खोलीत जाऊन पडलो. त्यांची जागा तर मी घालवलीच होती. आता हे समाधानही खोटं होतं आणि तेही माझ्याच हातचं.

सकाळी नेहमीसारखं मोटरसायकलवर त्यांच्या मागं बसून बारामतीला निघालो. रस्ता कालव्याच्या कडेनं जातो. मागं बसलं की माणसाचा चेहरा दिसत नाही, म्हणून असेल, मला बोलता आलं. म्हणालो, "अण्णा, गाडी थांबवा. तो पिकअप मी जाळला होता."

त्यांनी गाडी बाजूला घेतली. मी सगळं सांगितलं, वॉर्निश, पेटी, खोटं बोलणं, पुण्यातली पाकिटं, मीटर, जुनं झाकण. सातवीपुढं गेलो नाही, तेही. सांगताना मी कालव्याकडं बघत होतो.

अण्णा गाडीवरून उतरलेच नव्हते. पाय टेकून बसले होते. तसेच बसून म्हणाले, "मग त्या दिशी बारामतीत माझा हात?"

"बरोबर होता."

"आन् काल पुन्यात?"

"तोच होता. पिकअप वेगळा होता."

त्यांनी हँडलवरचे हात उचलून समोर धरले. बोटांच्या टोकांवर घट्टे पडले होते.

"पाच म्हैनं," ते म्हणाले, "पाच म्हैनं मी ह्यास्नी शिव्या दिल्या रं."

मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मेणाचं मी सांगितलं व्हतं तुला."

"हो."

"मग तू हासला का तवा?"

सातवी शिकलेल्या माणसाला हसायला एक तरी गोष्ट लागते, असं काहीतरी असेल. पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

"बस," ते म्हणाले. दुकानापाशी सोडलं आणि मागं न बघता डेअरीकडं गेले.

संध्याकाळी मी त्यांच्याआधी बस धरून सणसरला आलो आणि पिशवी भरायला घेतली. अण्णा दारात येऊन उभे राहिले.

"कुठं निघालास?"

"जातो."

"जायाचं तर जा. न्हाय जायाचं तर ऱ्हा. आईला म्या काय सांगितलं न्हाय आन् सांगनारबी न्हाय, तिला तुजी भाकरी थापायची असती. पन एक काम करून जा. मला जे सांगितलंस ते रविवारी पार्टीफुडं सांग. माझ्या बोटावर ज्यांनी ज्यांनी दात काढलं, त्यांच्याफुडं."

रविवारपर्यंतचे ते चार दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही.

पार्टीचा सराव बारामतीतल्या एका गोदामात व्हायचा. दुपारची वेळ होती, सहाहीजण आलेले, वाद्यं लावत होते. अण्णा म्हणाले, "थांबा जरा. ह्याला बोलायचं हाय." मी उभा राहिलो. इंग्रजीच्या तासाला उभं राहिल्यासारखं वाटलं. सांगितलं. मध्येच अडखळलो, तर अण्णांनी आधार दिला नाही, पुढं काय ते त्यांना माहीत होतं तरी. जाळल्याचं सोपं गेलं. खोटं बोलल्याचंही गेलं. सगळ्यांत जड गेलं ते "पाकिटावरचं मला वाचता आलं नाही" हे वाक्य. ते दोनदा म्हणावं लागलं, पहिल्यांदा माझं मलाच ऐकू आलं नाही.

मग आबा म्हणाले, "आरं, माझी ढोलकी लांब ठिवा हां ह्या मोटारवाल्यापसनं. उद्या वॉर्निश पाजंल तिला." दोघं-तिघं हसले. अण्णा हसले नाहीत. आबांच्या ते ध्यानात आलं. ढोलकीची दोरी ओढत, खाली बघत ते म्हणाले, "अण्णा, आमीबी लय बोललो रं तुला. कातरीचं ते. बोलायला नगं व्हतं."

"बोलला ते बोलला," अण्णा म्हणाले. "पयलं गाणं घ्या."

मी गेलो नाही, राहिलो. आणखी तीन वर्षं त्या खोलीत राहिलो. मावशीनं पहिली भाकरी वाढायची थांबवली नाही, कारण तिला कधी कळलं नाही. अण्णा मला रोज मोटरसायकलवर न्यायचे, आणायचे, तापात रात्र रात्र बसायचे, दिवाळीला त्यांच्याच कापडातला सदरा मला शिवून घ्यायचे. तात्यांना मी आपण होऊन सांगितलं, तर ते म्हणाले, "मोटार फिरतीया न्हवं?" आणि कामाला लागले. एवढं सगळं मला त्या लोकांनी दिलं, आणि मी ते घेतलं.

पण गिटारची साधी एखादी वायर सुटली, सोल्डरचा डाग लावायचं दोन मिनिटांचं काम असलं, तरी अण्णा ती पिशवीत घालून पुण्याला घेऊन जायचे. जाताना माझ्या खोलीवरूनच जावं लागायचं. एकदाही मी उठून 'द्या इकडं' म्हणालो नाही.